सोसायटीचा डीव्हीआर आणि बंद पडलेली वेबसाइट

वेबसाइट ‘हॅक झाली’ म्हटलं की कुणीतरी आत शिरून पासवर्ड किंवा पैसे पळवले, असंच वाटतं. डीडॉस हल्ल्यात, म्हणजे असंख्य यंत्रांकडून एकदम मारा करून सेवा बंद पाडण्यात, आत कुणी शिरतच नाही. दाराशीच एवढी गर्दी करायची की खऱ्या गिऱ्हाइकाचा नंबर लागू नये.

यातला जुना आणि मला सगळ्यात खोडसाळ वाटणारा प्रकार म्हणजे ‘सिन फ्लड’. तुमचा ब्राउझर सर्व्हरशी बोलू लागतो तेव्हा आधी तीन निरोप होतात: इकडून ‘जोडू का?’, तिकडून ‘जोड’, इकडून ‘बरं’. हा तिसरा निरोप येईपर्यंत सर्व्हर त्या जोडणीची नोंद मेमरीत राखून ठेवतो. रविवारी रात्री पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलाबाहेर वहीत नावं लिहून घेतात ना, तसं. कुणी खोटी नावं लिहून वही भरून टाकली तर आत टेबलं रिकामी आणि खरी मंडळी पोराबाळांसह फुटपाथवर ताटकळत! सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीची सेवा अशीच कोलमडली. त्याच वर्षी डॅनियल बर्नस्टाइन यांनी ‘सिन कुकी’ची तोड सुचवली. वहीत काही लिहायचंच नाही, खुणेची चिठ्ठी गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायची. ती घेऊन परत येईल त्याला जागा. खोट्या पत्त्यावर गेलेली चिठ्ठी परत येतच नाही.

पुढे हल्लेखोरांनी दुसऱ्यांचे सर्व्हर राबवायला सुरुवात केली. सावजाचा पत्ता देऊन तिसऱ्याच सर्व्हरला छोटासा प्रश्न विचारायचा, भलंमोठं उत्तर सावजावर जाऊन आदळतं. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या प्रोग्रामरांच्या कोड साठवायच्या वेबसाइटवर सेकंदाला १.३५ टेराबिट एवढा मारा झाला तो असाच. त्यात वापरलेल्या मेमकॅश्ड (माहिती झटपट देता यावी म्हणून मेमरीत साठवणाऱ्या) सर्व्हरांकडून उत्तर प्रश्नाच्या ५१ हजार पटींपर्यंत मोठं येऊ शकत होतं.

पण आपल्या दाराशी येतो तो २०१६ चा मिराई, उपकरणांत शिरून त्यांनाच हल्ल्याला जुंपणारा व्हायरससारखा प्रोग्राम. कॅमेरे, राउटर, डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डबा) शोधत तो इंटरनेटभर फिरायचा आणि कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड लावून बघायचा. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशा उपकरणांच्या फौजेनं डाइन (Dyn) या कंपनीला गाठलं. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणं हे डाइनचं काम. ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांचे सर्व्हर धडधाकट होते. लोकांना तिथवर पोचताच येईना.

आता पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलेला, वॉचमनच्या केबिनमध्ये टेबलाखाली धूळ खात असलेला डीव्हीआर आठवा. बसवणाऱ्यानं पहिल्या दिवशी ‘अ‍ॅडमिन’ ठेवलं, ते आजही ‘अ‍ॅडमिन’च. चेअरमनसाहेबांना मोबाइलवर फाटक दिसावं म्हणून तो इंटरनेटवर उघडाही ठेवलेला. मिराई घुसला तरी चित्रण चालूच राहतं. नेट जरा मंद होतं, त्याचं खापर आपण केबलवाल्यावर फोडतो.

गंमत म्हणजे मूळ मिराई फक्त चालू मेमरीत राहायचा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि डीव्हीआर बंद पडला की तोही गेला. वीज आल्यावर पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत पुन्हा हजर.

केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानं २०१७ पासून असली लागण काढायची साधनं फुकट दिली आहेत, त्यातलं एक पुण्याच्याच क्विक हीलचं. पण ती संगणक आणि मोबाइलसाठी. डीव्हीआरचा पासवर्ड कुणीतरी हातानंच बदलायला हवा, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय संपल्याशिवाय त्याचा नंबर काही लागत नाही.