चालत्या गाण्यातली हाक

गाणे चालू असताना म्होरक्याने साथीदारांना तोंडाने दिलेली सूचना. ती एखाद-दुसऱ्या शब्दाची असते: ‘घ्या’, ‘चढवा’, ‘परत’, ‘सोड’. गाणे न थांबवता कडवे पुन्हा घेणे, लय वाढवणे, ठेका बदलणे, एखाद्या वाद्याला पुढे आणणे किंवा शेवट करणे एवढी कामे तेवढ्या शब्दात होतात. मराठवाड्यात गोंधळ, जागरण, आराधी मेळा, भारूड, वारकरी कीर्तन, आंबेडकरी गायन पार्टी आणि लग्नाचा बँड या सगळ्यांत ती ऐकू येते. कलावंत तिला ‘इशारा’ म्हणतात. मग तो डोळ्यांचा असो, हाताचा असो की तोंडाचा. इथे तोंडी इशाऱ्यापुरतेच पाहू.

हाक लागते याचे कारण साधे आहे: गाणे किती लांबणार हे सुरू करणाऱ्यालाही ठाऊक नसते. नाट्यगृहातल्या कार्यक्रमात गाणी, कडवी, वेळ सगळे आधी ठरते. अंगणात मांडलेल्या पूजेच्या चौकापुढे तसे चालत नाही. मध्येच कोणाच्या अंगात येते, यजमानीण ओटी घेऊन उशिरा उठते, कोणी नोट घेऊन पुढे येतो, पावसाचे चार थेंब पडतात. अशा वेळी एकच कडवे दोनदा म्हणायचे की पाचदा, हे तिथल्या तिथे ठरते. लिहिलेली स्वरलिपी समोर नसते आणि असती तरी तिने हे सांगितले नसते. सांगणारा माणूसच लागतो.

पण ज्याने सांगायचे त्याचेच तोंड गाण्यात गुंतलेले. या अडचणीतून वाट काढते ती झील. नाईक, म्हणजे मेळाचा म्होरक्या, ओळ म्हणतो; झीलकरी, म्हणजे मागचे साथीदार, तिचे शेवटचे शब्द किंवा ध्रुपद उचलून लांबवतात. ऐकणाऱ्याला ती नुसती पुनरावृत्ती वाटते. प्रत्यक्षात तेवढा वेळ नाइकाचे तोंड मोकळे असते. त्यात तो श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो आणि उरलेल्या दोन मात्रांत संबळवाल्याला काय हवे ते सांगतो. झील लांबली तर हाकेला जागा जास्त, झील आखूड झाली तर नाइकाला मानेनेच भागवावे लागते. बोलण्यात ‘री ओढणे’ हेटाळणीने वापरतात. पण री ओढणारे नसतील तर पुढे चालणाऱ्याला श्वासही घेता येणार नाही.

गोंधळात हे सर्वांत स्पष्ट दिसते. तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही दोन मोठी ठाणी मराठवाड्यातच असल्याने लग्नानंतर गोंधळ घालण्याचा कुळाचार इथे घरोघरी आहे. पाटावर चौक भरतात, घट मांडतात, दिवटी पेटते. नाइकाबरोबर संबळ, तुणतुणे आणि झांज एवढाच ताफा. गावोगावच्या देवतांना नाव घेऊन गोंधळाला बोलावण्याचा आवाहनाचा भाग जवळपास ठरलेला, त्यामुळे तिथे हाकेचे काम कमी. ती खरी सुरू होते आख्यानात. तिथे नाईक गद्यात कथा सांगत असतो आणि साथीदार ‘जी’, ‘मग?’, ‘अस्सं!’ असा हुंकार देत असतो. हा हुंकार श्रोत्यांच्या वतीने दिलेला असतो, तसाच तो वादकांसाठीही असतो: कथा अजून चालू आहे, काठी उचलू नका. मग नाईक एका वाक्याचा शेवटचा शब्द ओढतो, गद्य सुरात जाते, आणि तो ओढलेला शब्द संपायच्या आत संबळ पडलेला असतो. ‘वाजवा’ असे कोणी म्हटलेले नसते. आज्ञा त्या शब्दाच्या लांबीत होती.

संबळाच्या दोन भांड्यांचा आवाज उघड्या अंगणातही कानठळ्या बसवणारा. त्यावरून जाणारी हाक आखूड आणि मोकळ्या स्वराची असावी लागते. ‘चढवा’, ‘घ्या’, ‘सोडा’ यांच्या शेवटी आकार आहे, तोंड उघडे राहते, हाक लांबवता येते. ‘थांब’ला ती सोय नाही, ओठ मिटले की आवाज संपला. म्हणून थांबवण्याचे काम बहुतेकदा शब्दाऐवजी जयकाराकडे जाते. ‘उदो उदो’ किंवा जागरणात ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ असा पुकारा झाला की सगळी वाद्ये एकदम जोरात भरतात आणि एकदम पडतात. भक्ताला तो देवाचा गजर, संबळवाल्याला तो पूर्णविराम. दोन्ही अर्थ खरे, आणि एकाला दुसऱ्याची अडचण नाही.

हाक कोणाला द्यायची यावर तिचे रूप ठरते. हे मेळे बहुधा एकाच घरातले किंवा भावकीतले. संबळावर चुलता असेल तर पुतण्या नाईक असूनही ‘चढवा काका’ म्हणतो. तुणतुण्यावरच्या धाकट्याला ‘ओढ रं’ एवढे पुरते. गाण्यात ‘काका’ ही दोन अक्षरे मावावी लागतात, म्हणून मानाच्या हाका किंचित आधी सुरू होतात. लयीचा हिशेब नात्यालाही लागू आहे.

आणखी एक हाक अशी, जी वादक वाजवत असताना थांबू नये म्हणून दिली जाते. कोणाच्या अंगात वारे आले की नवखा वादक बिचकतो, हात हलका पडतो. नाईक गाणे सोडून देतो, पण ‘संबळ सोडू नका’ असे खालच्या आवाजात सांगत राहतो. इथे गाण्याचे शब्द मागे पडतात आणि इशाराच उरतो.

भारुडात हाक संवादाच्या वेषात येते. एकनाथांच्या (1533–1599) पैठणपासून मराठवाडाभर भारूड आजही सोंगासह होते. सोंग घेतलेला मुख्य कलावंत प्रश्न विचारतो, साथीदार भोळेपणाने उलटा प्रश्न टाकतो, त्यावर हशा. हशा पिकलेला असताना साथीदाराने पुन्हा ‘काय म्हणता?’ विचारले, की त्याचा अर्थ ढोलकीवाल्यासाठी असतो: अजून थोडे थांब, लोक हसू देत.

वारकरी कीर्तनाची गोष्ट वेगळी. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस रोज वेगळा कीर्तनकार येतो. टाळकरी पंचक्रोशीतल्या चार गावांचे, मृदंगाचार्य पाचव्या गावचे. एकत्र तालीम झालेली नसते, कित्येकदा ओळखही नसते. तरी उभे राहिल्यापासून पाच मिनिटांत सगळे एका सुरात असतात, कारण इशाऱ्याची भाषा सगळ्यांची एक: अभंग. कीर्तनकार निरूपण करता करता प्रमाण म्हणून एका अभंगाचे पहिले दोन-तीन शब्द उच्चारतो. पुढचे शब्द गायनाचार्य उचलतात, मागून टाळ येतात. बुवांनी ‘म्हणा’ असे म्हटले नाही तरी चालते. चरण अर्धा सोडणे हीच सूचना. ‘विठ्ठल विठ्ठल’ सुरू झाले की लय चढणार, ‘पुंडलिक वरदे’ आले की संपणार, हे पोराटोरांनाही कळते. बाहेरून आलेल्या माणसाला हे चमत्कारासारखे वाटते. त्यामागे लहानपणापासूनचे पाठांतर आहे. सप्ताहात टाळकऱ्याला पाठ नसलेला अभंग बुवांनी काढला तर हाक हवेतच राहते. तेव्हा बुवा स्वतःच चरण पुरा करतात आणि हसून पुढे जातात.

बँडमध्ये सगळे उलटे. तिथे मास्तरच्या तोंडात क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट, म्हणजे बोलायला तोंडच नाही, आणि झील घेणारेही कोणी नाही. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळाकडे निघालेला असतो. घोड्यापुढे मुले नाचत असतात. एक अंतरा संपत आला की मास्तर वाद्याचे तोंड आकाशाकडे उचलतो. ही पहिली खूण. मग वाद्य ओठांवरून काढतो आणि साइड ड्रम एकटा चालू असतो त्या फटीत वळून ओरडतो: ‘परत मुखडा!’ किंवा ‘म्युझिक सोड, ठेका धर!’ तोवर कोणी मामा ‘नागीण, नागीण’ म्हणत दहाची नोट हवेत फिरवत असतो, रुमाल तोंडात धरलेला. मास्तर नोटेकडे पाहतो, बोट गोल फिरवतो, आणि चालू गाणे कुठल्याही ओळीवर तोडून पुंगीची धून सुरू होते. बासवाल्याला हे कळायला दोन ठोके उशीर होतो. ते दोन ठोके मराठवाड्यातल्या प्रत्येक लग्नात ऐकू येतात आणि नाचणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. हातगाडीवर कॅसिओ आणि ऑक्टोपॅड आल्यापासून गायकाच्या हाती माइक असतो. मग हाक त्याच्याकडे जाते आणि गाण्याइतकीच मोठी होऊन आळीभर ऐकू येते.

14 जानेवारी 1994 रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळ आणि 14 एप्रिलला गावोगावी गायन पार्ट्या गातात. त्यांचा साज कव्वालीच्या वळणाचा: हार्मोनियम, ढोलक, टाळ्या, मागे कोरस. इथली खास गोष्ट म्हणजे बक्षिसाची घोषणा. श्रोत्याने नोट दिली की गायक गाणे न मोडता, सूर धरूनच देणाऱ्याचे नाव आणि रक्कम सांगतो, ‘जय भीम’ म्हणतो. नाव सुरू होताच ढोलक आपोआप दबते, नुसता ठेका धरून ठेवते. ‘जय भीम’वर थाप पडते आणि कोरस ध्रुपद उचलतो. म्हणजे आभाराची घोषणा हीच वादकाची हाक. पैसे देणाऱ्यांची रांग लागली तर एक कडवे दहा मिनिटे चालते आणि ढोलकवाल्याची खरी परीक्षा तेव्हा होते, वेगवान भागात नव्हे.

हाक चुकते तेव्हा काय होते, हे पाहण्यासारखे असते. झीलकरी जुनेच ध्रुपद घेतात आणि नाईक नव्या कडव्यावर गेलेला असतो. क्षणभर दोन गाणी एकमेकांवर आदळतात. अनुभवी नाईक रागाने पाहत नाही. तो ताबडतोब देवीचा गजर करतो, सगळे त्यात सामील होतात आणि गजरातून बाहेर येताना सगळे एकाच ओळीवर असतात. ऐकणाऱ्यांना वाटते भक्तीचा भर आला.

या कौशल्याचे शास्त्र याच मातीत लिहिले गेले आहे, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारात हिशेबाचे काम पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात गायक-वादकांच्या वृंदाची मांडणी दिली आहे. उत्तम वृंदात 4 मुख्य गायक, 8 समगायक, 12 गायिका, 4 बासरीवादक आणि 4 मृदंगवादक असावेत असे तो सांगतो. हिशेबनीसच तो, माणसे मोजणारच. त्याने वृंदाचे सहा गुण सांगितले, त्यांत पहिला ‘मुख्यानुवृत्ती’, म्हणजे मुख्याच्या मागे जाणे. चौथा ‘मिथस्त्रुटितनिर्वाह’: एकाचे तुटले तर दुसऱ्याने सावरून नेणे. झीलकऱ्याचे काम आणि चुकल्यावरचा तो गजर, दोन्ही या दोन शब्दांत बसतात. शार्ङ्गदेवाचा वृंद दरबारी होता आणि नाइकाला हा ग्रंथ माहीत असण्याचे कारण नाही. पण चार माणसांनी न थांबता एकत्र गायचे म्हटले की हे दोन नियम कुठेही लागतातच.

इतर देशांतही ही पद्धत आहे, आणि अमेरिकेत तर तिचीच मौज झाली. टेक्सासचा फिडलवादक बॉब विल्स (1905–1975) आपल्या ‘टेक्सास प्लेबॉइज’ या ताफ्यात गाणे चालू असताना ‘आऽहा’ असे ओरडून वादकाला नावाने पुढे बोलावी. स्टील गिटार वाजवणाऱ्या लिऑन मॅकऑलिफला घातलेली त्याची साद श्रोत्यांच्या तोंडी बसली. काउंट बेसीच्या 1955 च्या एका ध्वनिमुद्रणात गाणे संपल्यावर तो ‘आणखी एकदा’ म्हणतो आणि सगळा वाद्यवृंद शेवट पुन्हा वाजवतो. मग आणखी एकदा. जेम्स ब्राऊन (1933–2006) सॅक्सोफोनवादक मेसिओ पार्करचे नाव घेऊन त्याला वाजवायला लावी, पुढच्या भागाकडे जाऊ का असे वादकांना गाण्यातच विचारी, आणि चुकलेल्याला चालू कार्यक्रमात बोटे दाखवून दंडाची रक्कम कळवी. गोंधळ्यांच्या मेळात दंडाचा प्रश्न येत नाही. संबळावर सख्खा चुलता असल्यावर वसुली कोण करणार?

हिंदुस्थानी मैफलीत तोंडी हाक कमी. तिथे मुखडा हाच इशारा: गायक बंदिशीच्या पहिल्या तुकड्यावर परतला की तबलजी समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, सरकतो. मराठवाड्यातले जुने गोंधळी ज्याला ‘नजरेवर वाजवणे’ म्हणतात ते याच्या जवळचे आहे आणि मेळात त्यालाच मान जास्त. हाक मारावी लागणे हा थोडा कमीपणा समजतात, विशेषतः संबळावर मुरलेला माणूस असेल तर.

ध्वनिक्षेपकाने ही हाक उघडी पाडली. पूर्वी नाइकाचे ‘चढवा’ संबळापुरते होते. माइक आल्यावर ते वेशीपर्यंत जाऊ लागले आणि श्रोतेही त्याची वाट पाहू लागले; पोरे खेळताना ‘चढवा काका’ म्हणू लागली. काही नाईक मग माइकपासून तोंड वळवून बोलतात, काही मुद्दाम माइकमध्येच. डीजेने उलट केले: तिथे वाजवणाराच नाही, त्यामुळे हाक गर्दीकडून यंत्राकडे जाते. ‘भावा, गाणं बदल’ हा इशारा नव्हे, फर्माईश आहे.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. गोंधळ, जागरण रात्रभर चालणारे. दहा वाजता माइकचा खटका खाली पडतो, आख्यान अजून रंगात यायचे असते. नाईक चौकाजवळ सरकतो, संबळवाला त्याच्या गुडघ्याशी येऊन बसतो, आणि तिथून पुढे काय सांगितले गेले ते मागच्या रांगेला संबळ बदलल्यावरच कळते.