फारो ग्लुटेनमुक्त नाही

‘फारो हे प्राचीन धान्य, त्यात ग्लुटेन नसतं’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि सिलिअ‍ॅक (ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या चिकट प्रथिनामुळे, आतड्याला इजा होते तो आजार) असणाऱ्यांसाठी धोक्याचाही.

फारो म्हणजे गहूच. इटलीत या एकाच नावाखाली तीन जुने गहू येतात: आइनकॉर्न, एमर (आपला खपली) आणि स्पेल्ट. तिन्हींत ग्लुटेन असतं. गोंधळ का होतो, तर खपलीचं ग्लुटेन कमी ताणलं जातं. पीठ मळून ओढा, लवचीक धागा न निघता ते तुटतं. पण ग्लुटेन दुबळं असणं वेगळं आणि नसणं वेगळं. काहींना फारो पचायला हलका वाटतो, वाटू दे. सिलिअ‍ॅकमध्ये मात्र थोडासाही चालत नाही. बार्ली आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांचंही तेच.

ज्यांना गहू चालतो त्यांनी फारो जरूर शिजवावा. पास्त्यासारखा, भरपूर मिठाच्या पाण्यात. पॉलिश केलेला साधारण 20 मिनिटांत होतो, अख्खा आधी भिजवला तरी जास्त वेळ घेतो. दाणा दाताखाली किंचित चिवट लागला की निथळायचा. सॅलडला फार छान!

ग्लुटेन वर्ज्य असेल तर ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, किन्वा आहेतच. फक्त पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिलंय ना, ते बघून घ्या, कारण गिरणीत गव्हाचं पीठ मिसळू शकतं.