सौम्य धुराचा सामू

‘अख्खी पानं आणून घरीच मिसळली की तंबाखू सौम्य होतो, आणि सौम्य झाला की त्रासही कमी.’ पाईप ओढणाऱ्यांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी वाद घालत नाही. लिटमस कागद काढावासा वाटतो. यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे, दुसरं साफ खोटं.

मिश्रणातली दोन मुख्य पानं हातात घेऊन बघा. व्हर्जिनियाचं पान पिवळं-नारिंगी, चुरगळलं तर बोटांना किंचित चिकटणारं, सुक्या गवतासारख्या गोडसर वासाचं. बर्लीचं तपकिरी आणि कागदासारखं. दोन्ही तंबाखूच, पण वाळवण्याची तऱ्हा वेगळी. व्हर्जिनिया गरम कोठीत आठवडाभरात वाळतं. तेवढ्या वेळात पिष्टाची साखर होते आणि ती खर्च व्हायच्या आत उष्णतेने पानातली विकरं (एन्झाइम) निकामी होतात. बर्ली मात्र छपराखाली महिना-दोन महिने नुसत्या हवेवर लटकतं. तोडलेलं पान लगेच मरत नाही; त्याचं श्वसन चालूच राहतं आणि साखर ते स्वतःच खाऊन टाकतं.

साखर जळली की धुरात आम्लं येतात. बर्लीत साखर जवळजवळ नाही, नायट्रोजनयुक्त संयुगं भरपूर. त्यातून अमोनिया सुटतो आणि धूर अल्कधर्मी बाजूला झुकतो.

आता खरी गंमत. निकोटीनच्या रेणूतला एक नायट्रोजन प्रोटॉन, म्हणजे आम्लातून सुटणारा धनभारित हायड्रोजन, पकडू शकतो. पकडला की रेणूवर धनभार येतो. मग तो सहज उडत नाही आणि पेशींच्या स्निग्ध पटलातून आरपारही जात नाही. प्रोटॉन नसलेलं ‘मोकळं’ निकोटीन मात्र उडतं, घसा खरवडतं आणि गालाच्या आतल्या अस्तरातून थेट रक्तात शिरतं. सामू (pH; जितका कमी तितकं आम्ल जास्त) 8 च्या आसपास असताना निम्मं मोकळं, निम्मं बांधलेलं असतं. तिथून सामू एकाने उतरला की मोकळ्याचं बांधलेल्याशी गुणोत्तर दहापट घटतं: 7 ला साधारण 9 टक्के मोकळं, 6 ला जेमतेम 1 टक्का. (सूत्रच हवं तर हे गुणोत्तर म्हणजे 10 चा ‘सामू वजा 8’ वा घात. धूर म्हणजे पाण्यातलं द्रावण नव्हे, त्यामुळे आकडे अंदाजाचेच धरा. दिशा पक्की आहे.)

म्हणजे बर्लीत व्हर्जिनिया वाढवलं की घशाला धूर मऊ लागतो तो मुख्यतः निकोटीन बांधलं गेल्यामुळे. ते गायब झालेलं नसतं. एकूण निकोटीनच कमी हवं असेल तर झाडाच्या खालच्या भागातली पानं घ्यावी लागतात, वरच्या पानांत ते जास्त असतं. ते तयार होतं मुळांत. तंबाखूच्या खुंटावर टोमॅटोचं कलम केलं तर टोमॅटोच्या पानांत निकोटीन सापडतं! 

पण मऊ धुराची एक खोड आहे. अल्कधर्मी धूर तोंडात घोळवला तरी निकोटीन मिळतं, आणि छातीत ओढू गेलं तर ठसका लागतो. आम्लधर्मी धुरातून तोंडात फारसं काही शोषलं जात नाही आणि घसाही अडवत नाही, म्हणून माणूस तो खोल ओढतो. सिगारेट फुप्फुसात गेली ती याच वाटेने. पाकिटांवरचे ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’ हे शब्द युरोपीय संघाने 2003 मध्ये आणि अमेरिकेने 2010 मध्ये बंद केले, कारण लोक तेच निकोटीन मिळवायला जोरात आणि जास्त झुरके घेत होते.

राहिला ‘घरचं, रसायनमुक्त’ हा मंत्र. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड कुठलंही पान जळताना तयार होतात. आणि कर्करोगकारक नायट्रोसामाइनं तर पेटवण्याच्याही आधी, छपराखाली लटकलेल्या त्या बर्लीच्या पानातच तयार होतात, कुणी त्यात काहीही न मिसळता.