देव एकच आणि सगळंच एक

‘शेवटी देव एकच’ असं म्हटलं की धर्मांवरची चर्चा बहुधा तिथेच मिटते. पण त्या वाक्याच्या आडोशाला एकेश्वरवाद आणि अद्वैत अशी दोन वेगळी मतं एकाच माळेत ओवली जातात. देव किती, हा एकेश्वरवादाचा प्रश्न. मुळात खरी वस्तूच किती, हा अद्वैताचा.

एकेश्वरवादात निर्माता एक आणि बाकी सगळी त्याची निर्मिती. मधली रेघ कधीच पुसायची नाही. कुराणातला ११२वा सूरा, म्हणजे अध्याय, जेमतेम चार आयतींचा, म्हणजे वचनांचा: अल्लाह एक आहे, तो कुणावर अवलंबून नाही, त्याने कुणाला जन्म दिला नाही की कुणापासून तो जन्मला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. त्याच्या बरोबरीला दुसऱ्याला बसवणं म्हणजे शिर्क. ज्यू मंडळी सकाळ-संध्याकाळ ‘शमा’ ही प्रार्थना म्हणतात, त्यातही देव एक असल्याचीच ग्वाही असते.

अद्वैताची तऱ्हा निराळी. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मिठाचा खडा टाकायला सांगतो. सकाळी म्हणतो, तो खडा आण बघू. खडा कुठला सापडायला! मग वरचं पाणी चाखायला लावतो, मधलं, तळाचं. सगळं खारट. तसंच हे सत्, म्हणजे एकमेव खरं अस्तित्व, सगळीकडे आहे, दिसत नाही इतकंच. आणि ‘तत्त्वमसि’, ते तूच आहेस. इथे पूजा करणारा आणि ज्याची पूजा करायची तो, हा भेदच शेवटी टिकत नाही. म्हणून तर अद्वैती माणूस पंचायतनातले पाच देव निवांत पूजतो. व्यवहारात पाच असोत की पन्नास, त्याचं काही बिघडत नाही. एकेश्वरवाद्याचं सगळंच बिघडतं.

‘अहं ब्रह्मास्मि’, म्हणजे मीच ब्रह्म, हे वेदान्तात महावाक्य ठरलं. ‘अनल हक’, म्हणजे मीच सत्य (आणि ‘हक’ हे अल्लाहचंच एक नाव), हे उद्गार ज्याच्या नावावर आहेत, त्या सूफी मन्सूर अल-हल्लाजला ९२२ साली बगदादमध्ये देहदंड झाला. (त्यात दरबारी राजकारणही होतं, पण ठपका पाखंडाचाच.)

यावरून हिंदू म्हणजे अद्वैती आणि मुसलमान म्हणजे द्वैती, म्हणजे देव आणि जग वेगळे मानणारे, अशी वाटणी करायला जाल तर फसाल. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी ईश्वर, जीव आणि जड यांच्यातले पाच भेद कायमचे मानले. तुकोबांनी तर ब्रह्मज्ञान नको, मी भक्त आणि तू देव एवढंच राहू दे, असं विठ्ठलाकडे मागितलं. तिकडे १२४० साली वारलेल्या सूफी विचारवंत इब्न अरबीच्या विचारातून ‘वहदत-उल-वुजूद’, म्हणजे अस्तित्वच एक, हे मत सूफींमध्ये पसरलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शेख अहमद सरहिंदी या भारतातल्या सूफींनीच त्याला हरकत घेतली: हे एकपण साधकाला भासतं ते खरं, पण निर्माता तो निर्माताच आणि बंदा तो बंदाच.