मुलूखगिरी: आधी फौजेची, मग दौऱ्याची

पुढारी दौऱ्यावर निघाला, नाटक मंडळी गावोगाव प्रयोग करत फिरली, की मराठी वर्तमानपत्रं कौतुकाने ‘मुलूखगिरी’ असं लिहितात. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांतही हा शब्द असाच अभिमानाने उच्चारला जातो. सौराष्ट्रात मात्र ‘मुलकगीरी’ म्हटलं की बडोद्याहून वसुलीला येणारी फौज आठवते. ती फौज आपली, म्हणजे बडोद्याचं राज्य करणाऱ्या गायकवाडांची होती, म्हणून हा इतिहास बडोदेकरांनी तरी नीट माहीत करून घ्यायला हवा.

मुलूख शब्द अरबी, ‘गीर’ फारसी. गीर म्हणजे घेणारा. जहांगीर, आलमगीर या बादशाही नावांतला गीर हाच. तेव्हा मुलूखगिरीचा मूळ अर्थ प्रदेश घेणं, जिंकणं. काठेवाडात, म्हणजे आजच्या सौराष्ट्रात, प्रदेश जिंकून तिथे कारभार बसवण्याच्या फंदात सहसा कोणी पडलं नाही. जायचं, खंडणी घ्यायची, परत यायचं, एवढाच अर्थ तिथे उरला.

ही रीत मराठ्यांनी सुरू केलेली नाही. अहमदाबादचे मोगल सुभेदार फौज घेऊन काठेवाडातल्या ठाकोरांकडून, म्हणजे तिथल्या छोट्या राजांकडून, पेशकश म्हणजे खंडणी वसूल करत. जुनागढच्या नवाबाच्या वसुलीला तर ‘जोरतलबी’ असंच नाव होतं, जोर दाखवून मागितलेली. १७५३ मध्ये मराठ्यांनी अहमदाबाद घेतलं. त्याच सुमारास पेशवे आणि गायकवाड यांच्यात गुजरातची वाटणी झाली आणि काठेवाडची खंडणीही दोघांत वाटली गेली.

फौज निघे ती पिकं शेतात उभी असताना. त्यामागे साधा हिशेब होता: घोड्यांना चारा फुकट मिळे आणि शेतकऱ्याचं वर्ष फौजेच्या मुठीत येई. ठाकोराने रक्कम कबूल केली तर तळ हले. त्याने वेळ काढला तर पीक कापलं जाई, गाव जळे. आकडाही दरवेळी सारखा नसे. फौज किती मोठी आणि गढी किती दिवस टिकते, यावर तो ठरे. खंडणीच्या जोडीला ‘घासदाणा’ असे. घोड्याचा घास आणि दाणा, किती निरुपद्रवी नाव! दरोड्याला दरोडा न म्हणता घेता येतं, ते अशा नावांमुळे.

ज्याची जमीन गेली तो काठी जमातीचा किंवा रजपूत गिरासदार (वंशपरंपरेचा जमीनदार) हत्यार उचलून रानात जाई आणि गावं लुटत सुटे. त्याला गुजरातीत ‘बहारवटिया’ म्हणतात. भावनगरच्या ठाकोराविरुद्ध बहारवटा करणारा जोगीदास खुमाण लोककथांत आजही आदराने सांगितला जातो. लूट दोघांचीही होती, पण फौजेवर प्रेमाने गोष्टी रचल्या गेल्या नाहीत. मला हा लोकांनी दिलेला निवाडा वाटतो.

१८०२ मध्ये आनंदराव गायकवाडांनी इंग्रजांशी तह केला आणि मेजर अलेक्झांडर वॉकर बडोद्यात रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, झाला. १८०७ मध्ये तो गायकवाडी फौजेसह काठेवाडात गेला आणि प्रत्येक संस्थानिकाची खंडणी कायमची ठरवून घेतली. चांगल्या वागणुकीचे जामीनही लिहून घेतले. त्याला ‘फैलजामीन’ म्हणत. इतिहासात हा ‘वॉकर करार’. वॉकरने शांतता आणली असं नेहमी लिहिलं जातं आणि शेतकऱ्याचं उभं पीक वाचलं हे खरंच आहे. पण जोरावर वाढत गेलेले आकडे याच कराराने कायदेशीर हक्क होऊन बसले.

अमरेलीला गायकवाडांचा सुभा होता आणि विठ्ठलराव देवाजींसारखे सुभेदार तिथून कारभार पाहत. १८२० मध्ये गायकवाडांनी इंग्रजांच्या संमतीशिवाय काठेवाडात फौज न पाठवण्याचं मान्य केलं. त्यानंतर राजकोटचा पोलिटिकल एजंट (संस्थानांवर देखरेख करणारा इंग्रज अधिकारी) खंडणी गोळा करू लागला आणि गायकवाडांचा वाटा बडोद्याच्या खजिन्यात पोहोचता होऊ लागला.