कर्स्टनबॉश: कुंपणाच्या जागी उभी राहिलेली बाग

केपटाऊनला न्यूलँड्सवर कसोटी सुरू असली की कॅमेरा अधूनमधून मैदानामागच्या डोंगराकडे वळतो. तो टेबल माउंटन, आणि दिसते ती त्याची पूर्वेकडची बाजू. मैदानापासून थोड्याच अंतरावर, याच डोंगराच्या उतारावर कर्स्टनबॉश ही वनस्पती बाग आहे. ५२८ हेक्टरांपैकी प्रत्यक्ष लागवड जेमतेम ३६ हेक्टरांवर आहे. बाकी सगळा डोंगर, ओढे आणि रान. पायवाटा बागेतून निघतात आणि कळतही नाही अशा बेताने जंगलात शिरतात. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटते, हे सगळे इथे आधीपासून असेच असणार. प्रत्यक्षात या उतारावर माणसांनी साडेतीनशे वर्षे बरेच काही केले आहे, आणि ते सगळेच कौतुकाचे नाही.

सुरुवात कुंपणापासून होते. १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने यान फान रिबेक या आपल्या अधिकाऱ्याला इथे पाठवले ते जहाजांना भाजीपाला, मांस आणि पाणी पुरवण्यासाठी. पाच वर्षांत कंपनीने आपल्या काही लोकांना लीसबेक नदीकाठी शेतीला जमिनी दिल्या. ती खोईखोई पशुपालकांची चराईची कुरणे होती. १६५९ मध्ये लढाई झाली. तहाच्या बोलण्यांत खोईखोईंनी आमची जमीन परत द्या असे सांगितले, तेव्हा ती आता तलवारीने जिंकलेली आहे असे उत्तर मिळाले. फान रिबेकने स्वतःच्या रोजनिशीत ते नोंदवून ठेवले आहे. १६६० मध्ये त्याने वसाहतीच्या हद्दीवर रानबदामाची दाट कुंपणझाडी लावायला घेतली, म्हणजे खोईखोईंना गुरे घेऊन आत येता येऊ नये. झाड इथलेच, प्रोटियाच्या कुळातले. त्याची फळे कच्ची खाल्ली तर विषारी. खोईखोई ती भिजवून, उकळून, भाजून खात. ज्यांचे हे अन्न होते त्यांनाच अडवायला ते लावले गेले. त्या कुंपणाचे वेडेवाकडे, जमिनीवर लोळणारे काही तुकडे कर्स्टनबॉशमध्ये अजून जिवंत आहेत.

पुढच्या दोन शतकांत आधी इमारती लाकडाची तोड, मग इंग्रज अमलात शेती, द्राक्षमळे, ओक. तो भाग फार सांगण्यासारखा नाही. १८९५ मध्ये सेसिल ऱ्होड्सने ही जमीन नऊ हजार पौंडांना घेतली. तो तेव्हा केप वसाहतीचा पंतप्रधान होता आणि डोंगराचा हा सगळा उतार आपल्या हाती असावा असा त्याचा बेत होता. त्याने १८९८ मध्ये कापराच्या झाडांची एक दुतर्फा रांग लावली. आज फक्त देशी झाडांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बागेत सगळ्यात जास्त फोटो या पूर्व आशियातल्या झाडांखाली निघतात! १९०२ मध्ये ऱ्होड्स वारला आणि जमीन मृत्युपत्राने सरकारकडे आली. मग कोणी पाहीना. ओकची फळे खात डुकरे फिरत, आणि परदेशी झुडपे माजली.

अशा जागेत बागेचे स्वप्न पाहणारा माणूस हॅरल्ड पिअर्सन. इंग्लंडमधून १९०३ मध्ये केपटाऊनला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आलेला. त्याचा मुद्दा साधा होता. केपची फुले युरोपने केव्हाच नेली होती. १७७२ मध्ये लंडनच्या क्यू बागेने फ्रान्सिस मॅसनला त्यासाठी मुद्दाम इथे पाठवले. त्याने नेलेला एक सायकॅड, म्हणजे ताडासारखे दिसणारे एक अतिप्राचीन कुळातले झाड, १७७५ पासून आजही क्यूमध्ये कुंडीत आहे. आपल्या लग्नमंडपांतल्या ग्लॅडिओलसच्या बहुतेक मूळ जाती दक्षिण आफ्रिकेच्या, आणि मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये पिकणाऱ्या जरबेराचे मूळही त्याच देशात. जगभर पसरलेली ही संपत्ती तिच्या स्वतःच्या देशात मात्र कोणी जोपासत नव्हते. त्या काळातल्या सरकारी बागा उपयोगी पिकांसाठी असत. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये कंपनी सरकारने काढलेली बागही त्यातलीच. इथल्या मातीतलेच लावायचे, हा विचार तेव्हा नवा होता.

१९११ च्या फेब्रुवारीत पिअर्सन घोडागाडीतून ही जागा पाहायला आला आणि त्याने ती तिथल्या तिथे पक्की केली. १ जुलै १९१३ ला बाग स्थापन झाली. सरकारी अनुदान वर्षाला एक हजार पौंड, आणि संचालकाला पगार शून्य. खर्च भागवायला सरपण आणि ओकची फळे विकावी लागत. तीन वर्षांतच, १९१६ मध्ये, पिअर्सन न्यूमोनियाने गेला. वय ४६. त्याची कबर बागेतच आहे आणि तिच्यावर लिहिले आहे की याचे स्मारक पाहायचे असेल तर सभोवती पाहा.

आता दुसरी तारीख. बाग निघाली त्याच्या पंधरवडाभर आधी, १९ जून १९१३ ला, दक्षिण आफ्रिकेत जमीन कायदा लागू झाला. कृष्णवर्णीय आफ्रिकनांना देशातल्या सुमारे सात टक्के जमिनीबाहेर जमीन घ्यायला त्याने बंदी केली. देशातली झाडे राष्ट्राची ठेव ठरली आणि देशातली माणसे परकी ठरली, ती एकाच पंधरवड्यात. पिअर्सनच्या मनात तसे काही होते असे मी म्हणत नाही, पण या दोन तारखा शेजारी ठेवल्याशिवाय बागेचा इतिहास पुरा होत नाही. बागेला लागूनच प्रोटिया व्हिलेज ही वस्ती होती, मुक्त झालेल्या गुलामांच्या वंशजांची. बागेत राबणारे कित्येक जण तिथेच राहत. १९६० च्या दशकात वर्णभेदी सरकारने वस्ती गोऱ्यांसाठी राखीव ठरवून त्यांना हुसकावले. जमिनीवरचा त्यांचा हक्क मान्य व्हायला २००६ उजाडले.

बागेतले काम मात्र खरोखर मोठे आहे. केपच्या झुडपी रानाला तिथे फाइनबॉस म्हणतात. केप प्रदेशात सुमारे नऊ हजार जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक जगात इतरत्र कुठेच नाहीत. कित्येकांचे बी वर्षानुवर्षे रुजत नाही, वणवा लागून गेल्यावरच रुजते. ज्वाळेची उष्णता नव्हे तर धूरच यातल्या अनेक बियांना जागे करतो, हे केपच्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले. कर्स्टनबॉशमध्ये मग धूर मुरवलेले कागद तयार झाले. कागद पाण्यात घालायचा आणि त्या पाण्यात बी भिजवायचे. न उगवणारी झाडे त्याने वाफ्यात आली.

पक्ष्याच्या डोक्यासारखे फूल येणारा स्ट्रेलित्झिया (बर्ड ऑफ पॅराडाइज), त्याचा पिवळ्या फुलांचा वाणही इथलाच. नेहमीचा नारिंगी, पिवळा क्वचित निघे. वीसेक वर्षे हाताने परागीकरण करून त्याचा वाण पक्का केला गेला आणि १९९६ मध्ये त्याला नेल्सन मंडेलांचे नाव मिळाले. खारींनी फुलांची नासाडी करू नये म्हणून त्यावर जाळी बसवावी लागे, आणि या करड्या खारी केपमध्ये आणल्या त्या ऱ्होड्सनेच! एन्सेफॅलार्टोस वुडी या सायकॅडवर तर पिंजराच आहे. या जातीचे एकच नर झाड १८९५ मध्ये आजच्या क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या जंगलात सापडले, मादी कधीच नाही. जगातले प्रत्येक रोप त्याच्याच फुटव्यांतून आलेले. फुटवे चोरीला जातात, म्हणून पिंजरा.

२००४ मध्ये केप वनस्पती प्रदेश जागतिक वारसा झाला, त्यात ही बागही आली. शंभरीनिमित्त झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा १३० मीटरचा नागमोडी पूल बांधला गेला, तो २०१४ मध्ये खुला झाला. आपल्याकडून जाणारे बहुतेक जण डिसेंबरच्या सुट्टीत जातात. खरा बहर ऑगस्ट ते ऑक्टोबर. दमसास असेल तर बागेतूनच स्केलेटन गॉर्ज या घळीची वाट डोंगरमाथ्यावर जाते. ती यान स्मट्सची आवडती वाट. गांधीजींना तुरुंगात घालणारा हाच तो स्मट्स, आणि गवतांचा हौशी पण जाणता अभ्यासकही. वाटेत लाकडी शिड्या आहेत आणि धबधब्याचे ओले दगड. चढायला ती बरी, उतरताना मात्र शेजारच्या नर्सरी रॅव्हाइन या घळीने यावे.