रेडिओच्या सुट्या भागांतून आलेला आवाज

माझ्या कॉम्बोचा, म्हणजे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या गिटार ॲम्पचा, स्विच टाकल्यावर लगेच काहीच ऐकू येत नाही. आधी मागच्या जाळीतून व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, तारा नारिंगी होताना दिसतात, मग तापलेल्या धुळीचा वास येतो आणि अर्ध्या मिनिटाने स्पीकरमधून बारीक घरघर सुरू होते. मग तार छेडायची. हाताने सोल्डर केलेली १५ वॅटची ही ब्रिटिश पेटी आज हौसेची आणि महागाची वस्तू म्हणून विकली जाते. पण तिच्या आतले मुख्य भाग मुळात गिटारसाठी बनलेलेच नव्हते. ईएल ८४ हा व्हॉल्व्ह रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअरसाठी आला, तर ईएफ ८६ टेप रेकॉर्डर आणि मायक्रोफोनचा क्षीण सिग्नल वाढवण्यासाठी. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात मलार्ड कंपनी असे व्हॉल्व्ह ढिगाने बनवत होती.

गिटारवाल्यांनी ते उचलले, कारण दुसरं काही मिळत नव्हतं. युद्धानंतर ब्रिटनकडे डॉलरची चणचण होती. १९५१ ते १९५९ या काळात अमेरिकी वाद्यांच्या आयातीला बंदी होती, म्हणजे फेंडर किंवा गिब्सनचा ॲम्प दुकानात जाऊन घेण्याचा प्रश्नच नव्हता. नेमक्या त्याच वर्षांत स्किफल या साध्या, घरगुती वाद्यांवरच्या संगीताची आणि पाठोपाठ रॉक अँड रोलची लाट आली आणि पोराटोरांच्या हातात गिटार दिसू लागली. मागणी उभी राहिली, माल नाही. मग रेडिओचं तंत्र जाणणाऱ्यांनी हाताशी असलेल्या भागांतून ॲम्प जुळवायला घेतले. चार्ली वॉटकिन्स त्यातलाच एक. त्याच्या छोट्या कॉम्बोंवर एक अख्खी पिढी शिकली.

पण या आवाजाचं मूळ गाव म्हणायचं तर केंट परगण्यातलं डार्टफर्ड. तिथे टॉम जेनिंग्ज की-बोर्डची वाद्यं बनवून विकायचा. गिटार वाजवणारा आणि सर्किटमध्ये डोकं चालणारा डिक डेनी त्याला येऊन मिळाला आणि १९५८ मध्ये व्हॉक्स एसी १५ बाजारात आला. दोन ईएल ८४, पुढे ईएफ ८६, बारा इंची स्पीकर, सगळं एकाच पेटीत. ‘द शॅडोज’ या बँडने तो उचलला. पण त्यांच्या कार्यक्रमांना जमणाऱ्या मुलींच्या किंकाळ्यांपुढे १५ वॅट पुरेनात. त्यांचा गिटारवादक हँक मार्विन याला जास्त जोर हवा होता. डेनीने सरळ हिशेब केला: दोनाचे चार ईएल ८४, एकाचे दोन स्पीकर. हाच एसी ३०. वजन साधारण ३० किलो. एकट्याने जिन्यावरून चढवून बघा, मग या वाद्याबद्दलचं काव्य जरा कमी होतं.

एसी ३० च्या पहिल्या आवृत्तीत ईएफ ८६ होता आणि तो टिकला नाही. या व्हॉल्व्हच्या आतले नाजूक भाग हादऱ्याने थरथरतात आणि ती थरथर आवाज बनून बाहेर येते. टेप रेकॉर्डरमध्ये हे खपून जातं. पण दोन बारा इंची स्पीकर दणदणत असताना त्याच पेटीत हा व्हॉल्व्ह बसवायचा म्हणजे ढोलात घड्याळ ठेवण्यासारखं. त्याच्या जागी ईसीसी ८३ हा दुसरा व्हॉल्व्ह आला. त्यानंतर वरच्या पट्टीतली धार कमी पडते अशी तक्रार झाली, तेव्हा ‘टॉप बूस्ट’ नावाचं वेगळं सर्किट पेटीच्या मागच्या बाजूला बसवून मिळू लागलं. पुढे ते मूळ रचनेतच आलं. आज ज्या किणकिणत्या आवाजासाठी लोक एसी ३० च्या नकला करतात, तो बराचसा या नंतर जोडलेल्या ठिगळाचा आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या काळच्या हाय-फाय ॲम्पमध्ये बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत सोडत. त्याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. त्याने आवाजातला विपर्यास कमी होतो. एसी ३० च्या पॉवर विभागात ही सोय नाही. त्यामुळे हळू वाजवलं तर आवाज स्वच्छ येतो, जोर लावला की कडा खरखरीत होत जातात, आणि या दोन टोकांच्या मध्ये रेषा ओढता येत नाही. बोटांचा जोर हाच नॉब. जाहिरातींत याचं श्रेय ‘क्लास ए’ला देतात, म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह पूर्ण वेळ चालू राहण्याच्या पद्धतीला. ते काही खरं नाही. पूर्ण जोरावर हा ॲम्प क्लास एबीतच चालतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह मधूनमधून बंद पडतो. पण ‘क्लास ए’ ऐकायला भारदस्त वाटतं, त्यामुळे ते शब्द काही पुसले जात नाहीत.

दुसरा धागा लंडनच्या हॅनवेल भागातला. जिम मार्शलचं ड्रमचं दुकान होतं. तिथे येणाऱ्या गिटारवाल्यांना अमेरिकी ॲम्पसारखा ॲम्प स्वस्तात हवा होता. १९६२ मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या मदतीने जेटीएम ४५ तयार झाला. ही फेंडरच्या बासमन या ॲम्पची जवळजवळ नक्कल, फक्त भाग ब्रिटिश: सेलेस्टियनचे स्पीकर, लवकरच केटी ६६ व्हॉल्व्ह आणि पहिल्याच टप्प्यावर जास्त वाढ देणारा ईसीसी ८३. एवढ्या फरकाने नकलेचा आवाज मूळ ॲम्पपेक्षा निराळा झाला. याच सर्किटचा दोन स्पीकरांचा कॉम्बो गिटारवादक एरिक क्लॅप्टनने ब्लूज गायक जॉन मेयॉलबरोबरच्या १९६६ च्या अल्बमवर कान फाटतील इतका मोठा करून वाजवला आणि जाड, ताणलेल्या गिटारीचा नमुनाच घालून दिला. या कॉम्बोचा मॉडेल नंबर १९६२ आहे. ते साल नव्हे, पण विक्रेतेसुद्धा त्यात गोंधळतात.

यानंतर कॉम्बोचे दिवस फिरले. तेव्हा सभागृहातल्या ध्वनियंत्रणेवर फक्त गायकाचा आवाज असे. गिटार जेवढी ऐकू जायची तेवढी रंगमंचावरच्या ॲम्पमधूनच. प्रेक्षक वाढले तसे १०० वॅटचे हेड (स्पीकर नसलेले सुटे ॲम्प) आणि माणसाच्या उंचीचे स्पीकरचे मनोरे उभे राहिले. डार्टफर्डलाही उतरती कळा लागली. जेनिंग्जने १९६४ मध्ये कंपनीवरचा ताबा विकला, १९६७ मध्ये तो स्वतः बाहेर पडला, आणि व्हॉक्सचं नाव एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिलं. सत्तरच्या दशकात ट्रान्झिस्टर सगळीकडे शिरला. व्हॉल्व्ह म्हणजे अडगळ, असं झालं.

परत येण्याचं कारण साधं होतं: माइक. प्रत्येक ॲम्पपुढे माइक ठेवून आवाज मुख्य यंत्रणेत सोडायची पद्धत रुळली, तेव्हा मनोऱ्यांची गरज उरली नाही. लहान कॉम्बोचा आवाजाचा नॉब पूर्ण फिरवून वाजवला की तोच गोडवा मिळतो, हे पुन्हा लक्षात आलं. शिवाय १५ वॅट हे ३० च्या निम्म्या आवाजाचे नसतात. फरक फक्त ३ डेसिबलचा, जेमतेम कानाला जाणवेल एवढा. चांगला स्पीकर लावला तर १५ वॅट ड्रमरलाही पुरून उरतात.

दरम्यान जुने ॲम्प दुरुस्त करणारे हात तयार झाले होते. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पेट्या उघडून, सुकलेले कपॅसिटर बदलून, कुठली तार कुठून गेली की घरघर वाढते हे त्यांना पाठ झालं होतं. ‘बुटीक’ ॲम्पची पैदास मोठ्या प्रमाणात याच दुरुस्तीच्या टेबलांवर झाली. गंमत म्हणजे एसी ३० ला आदर्श मानून १९८९ मध्ये उभी राहिलेली मॅचलेस ही कंपनी लॉस एंजेलिसची. अमेरिकेचा माल मिळेना म्हणून ब्रिटनने जे बनवलं, ते अमेरिकेने ब्रिटिश म्हणून बनवायला घेतलं. ब्रिटनमध्ये डेनिस कॉर्नेल, केंटमधलं कॉर्नफर्ड, हडर्सफील्डचं मॅटॅम्प अशी नावं पुढे आली. कॉर्नफर्ड बंद पडल्यावर तिथला डिझायनर मार्टिन किड ‘व्हिक्टरी’ या ॲम्प कंपनीत गेला.

‘बुटीक’ हा शब्द मला आवडत नाही, त्याला अत्तराचा वास येतो. प्रत्यक्षात अर्थ एवढाच की चार-सहा माणसं, छापील सर्किट बोर्डऐवजी टॅग बोर्ड (धातूच्या टोकांची पट्टी) आणि एकेक तार हाताने जोडलेली. छापील बोर्डही नीट बनवला तर आवाजात कमी पडत नाही, असं माझं मत. फायदा दिसतो तो बिघाड झाल्यावर. माझ्या कॉम्बोमध्ये एकदा ठराविक सुरावरच झर्र असा आवाज येऊ लागला. मी स्पीकरला दोष देत बसलो, पेटीचे सगळे स्क्रू आवळले. शेवटी पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने एकेक व्हॉल्व्हवर टिचकी मारत गेलो. पहिले दोन गप्प. ईएफ ८६ वर टिचकी बसली आणि स्पीकरमधून घंटा वाजावी तसा टण्ण आवाज आला. साठ वर्षांपूर्वी डार्टफर्डच्या लोकांनी जो दोष काढून टाकला, तो माझ्या ॲम्पच्या कारागिराने आवाजाच्या लोभाने परत आणला होता. आणि खरं सांगायचं तर याच व्हॉल्व्हसाठी मी तो घेतला होता. नवा व्हॉल्व्ह घालून रबरी कडं लावलं, भागलं. मात्र चॅसी, म्हणजे सर्किट बसवलेली धातूची चौकट, उघडायची वेळ आली तर मी ते काम जाणकाराकडे देतो. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात.

ब्लॅकबर्नला व्हॉल्व्ह बनणं केव्हाच थांबलं. आज ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंधनं घातली तेव्हा ॲम्प बनवणाऱ्यांची झोप उडाली. मीही घाईघाईने ईएल ८४ ची एक जोडी मागवून ठेवली. ती अजून कपाटात आहे, न उघडलेली. व्हॉल्व्ह रशियातल्या सारातोव्हच्या कारखान्यातले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत नाव मात्र ‘मलार्ड’.